वाचकांचे प्रश्न : बावीस शीट्स झाल्या, पण अ‍ॅनालिसिस कुठे आहे?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की, आर्किटेक्चरच्या मुलांनी साइटवर गेल्यावर पहिला तासभर मोबाइल पिशवीतच ठेवावा. त्यावर बरीच पत्रं आली, काही चिडलेली, काही गोंधळलेली. त्यातली पाच आज घेते. पहिल्या पत्राने निम्म्याहून जास्त जागा खाल्ली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : मॅडम, मी बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे. अर्बन डिझाइन स्टुडिओसाठी, म्हणजे खऱ्या जागेचा अभ्यास करून डिझाइन करायच्या विषयासाठी, आमच्या पाच जणांच्या गटाला महात्मा फुले मंडई आणि आसपासचा भाग मिळाला. तीन आठवडे राबून आम्ही बावीस शीट्स केल्या. लँड यूज (जमिनीचा वापर), मजल्यांची उंची, इमारतींचं वय, ट्रॅफिक, सावल्या, स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), काही सोडलं नाही. ज्युरीला, म्हणजे आमचं काम तपासायला, आलेले सर दोन मिनिटं शीट्सवरून नजर फिरवून म्हणाले, ‘ही माहिती झाली. अ‍ॅनालिसिस कुठे आहे?’ नक्की काय कमी आहे ते कोणीच सांगितलं नाही. पंधरा दिवसांत डिझाइनला लागायचं आहे. आता काय करू?
(विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आधी एक कबुली देते. ‘अ‍ॅनालिसिस कुठे आहे?’ हे वाक्य मीही पंचवीस वर्षं ज्युरीत बसून मुलांवर टाकलं आहे. टाकायला सोपं, ऐकायला भारदस्त, आणि वर चहाची वेळ होते. तेव्हा थोडं प्रायश्चित्त म्हणून तुला सविस्तर लिहिते.

तू पाठवलेले शीट्सचे फोटो पाहिले. चौथी शीट घे, इमारतींच्या उंचीची. एक मजला फिका, चार मजले गडद, दिसायला सुरेख. तिच्याखाली पेन्सिलीने लिही, ‘मग काय?’ ‘या भागात संमिश्र उंची आढळते’ याच्या पुढे काही सुचत नसेल तर ती शीट एकटी निरुपयोगी आहे. आता बटर पेपरवर इमारतींच्या वयाची शीट काढ, ती हिच्यावर ठेव आणि रस्त्याची कड बघ. जिथे इमारत नवी आणि उंच, तिथे ती मागे सरकलेली दिसेल. जिथे जुना वाडा, तिथे कड पुढे आलेली. कारण उघड आहे. वाडा पाडून नवं बांधायचं तर रस्तारुंदीच्या रेषेच्या मागे जावं लागतं, आणि शेजारचा वाडा मालक-भाडेकरूंच्या भांडणात अडकून जागेवरच उभा राहतो. म्हणून पेठांमधल्या रस्त्यांची कड दात पडलेल्या फणीसारखी झाली आहे. आणि प्रत्येक पडलेल्या दाताच्या जागी कोण आहे? दोन स्कूटर, एक चहाची गाडी, एक गजरेवाली.

हे अ‍ॅनालिसिस. दोन शीट्स एकावर एक ठेवल्यावर असं काही कळलं जे दोन्हींपैकी एकीवरही नव्हतं. आणि त्यातून डिझाइनचा प्रश्नही मिळाला : रस्ता पूर्ण रुंद व्हायला पिढ्या जातील, तोवर या खाचांचं काय करायचं? बसायला ओटा, पाण्याचा नळ, सामान चढवण्या-उतरवण्याची जागा? की गजरेवालीला तिथेच राहू द्यायचं, पण पावसात डोक्यावर काहीतरी द्यायचं?

आता ट्रॅफिकची शीट. तिच्यावर वेळ लिहिली आहे, ‘शनिवार, सकाळी ११ ते १’. का? कारण तुमचं लेक्चर तेव्हा नसतं. मंडई तुमच्या टाइमटेबलवर चालत नाही गं. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्याला कितीतरी वर्षं झाली. तिथून माल पहाटे टेम्पोने इकडे येतो, आणि तेव्हा रस्त्यावर राज्य हातगाड्यांचं आणि हमालांचं असतं. दुपारी दोनला गाळ्यातला माणूस पालेभाजीवर ओलं फडकं टाकून ओट्यावरच डुलकी काढतो. सातला ऑफिस सुटलेली गर्दी. रात्री झाडू. या चार वेगवेगळ्या मंडया आहेत आणि तुम्ही एकच मोजली.

मोजायची कशी? एका जागी उभं राहायचं, दर तासाची पहिली पंधरा मिनिटं, पाचापाचाच्या काड्या मारत. पण नुसती डोकी मोजू नका. मी मुलांना पिशव्या मोजायला लावायचे. रिकामी पिशवी कुठून आत येते, भरलेली कुठून बाहेर पडते, हे दोन रंगांत काढा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमच्या ध्यानात आलं की आत येणाऱ्या वाटा पुष्कळ, पण भरल्या पिशवीची माणसं दोन-तीन वाटांनीच बाहेर पडतात. जिथे रिक्षा मिळते, जिथे पायरी नाही, जिथे क्षणभर पिशवी टेकवायला कठडा आहे, तिथून. तो कठडा कुठल्याच लँड यूजच्या नकाशात नसतो. मोजणी मात्र स्वतःच करा, सीनियर्सच्या जुन्या शीट्स उतरवू नका. सप्टेंबर २०२४मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं. त्याआधीचे चालण्याचे आकडे आता इतिहासाच्या शीटवर टाका.

सावल्यांची तुमची शीट फक्त डिसेंबरची आहे. पुण्यात मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. लोकांना सावली कधी हवी असते? एप्रिल-मेमध्येच ना?

आता ज्या शीटने मला खरोखर राग आला ती. तुमचा काळा-पांढरा नकाशा, फिगर-ग्राउंड. इमारती काळ्या, मोकळी जागा पांढरी. त्यात मंडईची अख्खी इमारत तुम्ही काळी भरली आहे! अगं, आत माणसं चालतात. १७४८ साली नोली नावाच्या माणसाने रोमचा नकाशा काढला तेव्हा चर्चचे आतले भागही त्याने रस्त्यांसारखेच पांढरे ठेवले, कारण तिथे कोणीही जाऊ शकत होतं. मग ही तर मंडई. मधला अष्टकोनी मनोरा, त्याच्याभोवती फाकलेले हात, आत उंच ओट्यांवर बसलेले विक्रेते. छप्पर असलेला रस्ताच आहे तो. तुळशीबागेतल्या राममंदिराच्या दरवाजाखालून जाणारी वाटही तुम्ही काळी केली आहे. त्या वाटेने मी लहानपणी रोज शॉर्टकट मारला आहे. नकाशा पुन्हा काढ. वाड्यांमधून जाणारे बोळ, देवळांची आवारं, जिन्याखालून पलीकडच्या गल्लीत निघणाऱ्या वाटा, सगळं पांढरं ठेव. निम्मं अ‍ॅनालिसिस त्या एका शीटवर होईल.

इतिहासाच्या शीटवर तुम्ही फक्त ‘१८८६, ब्रिटिशकालीन गॉथिक शैली’ असं लिहिलं आहे. थोडं पुढे जा. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरायचा. तो उचलून छपराखाली आणला आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने त्याला रे मार्केट म्हटलं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. आज इमारतीला नाव त्यांचंच आहे. म्हणजे विक्रेत्यांना इथून तिथे हलवण्याचा वाद या साइटवर पहिल्या दिवसापासून आहे. तुम्ही ‘फेरीवाल्यांचं पुनर्वसन’ असा बाण काढण्याआधी हे माहीत असलेलं बरं. आणि २०१४चा पथविक्रेता कायदाही वाचा. सर्वेक्षण केल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही, तुमच्या मार्करनेसुद्धा नाही.

एक किस्सा. माझ्याच एका विद्यार्थ्याने इथल्या रस्त्यावर आडवे, वेलींनी मढवलेले मांडव काढले होते. फारच देखणं मॉडेल. ज्युरीतले एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, ‘छान. गणपती कुठून नेणार?’ विसर्जनाची मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते हे त्या मुलाला माहीत होतं, तो पुण्याचाच. पण त्याच्या अ‍ॅनालिसिसमध्ये वर्षाचा तो एक दिवस नव्हता. रथाची उंची, मंडपाचे खांब कुठे रोवतात, ढोलपथकं वाट बघत कुठे उभी राहतात, हे मोजायचं असतं.

स्वॉटची शीट फाडून टाक. ‘स्ट्रेंथ : ऐतिहासिक वारसा. वीकनेस : वाहतूक कोंडी.’ हे साइटवर न जाताही लिहिता येतं.

पंधरा दिवसांचं म्हणशील तर पाच जण आहात, पुरेसे आहात. बावीसच्या सहा शीट्स करा. एकाला फक्त सेक्शन्स (रस्त्याचे उभे छेद) द्या, १:१०० प्रमाणात, निदान पाच ठिकाणचे. त्यात माणूस, हातगाडी, वीजवाहिनी, पत्र्याची पावळी सगळं उंचीसकट. आणि प्रत्येक शीटच्या वर शीर्षक म्हणून एक पूर्ण वाक्य लिहा, क्रियापद असलेलं. ‘पादचारी हालचाल’ हे वाक्य नव्हे. ‘भरली पिशवी घेऊन माणसं पायऱ्या टाळतात’ हे वाक्य. ज्या शीटला क्रियापद सापडणार नाही ती लावू नका.

प्रश्न : माझी मुलगी याच शाखेत शिकते. साइटच्या नावाखाली पहाटे पाचला घराबाहेर पडते. मी बांधकाम खात्यातून निवृत्त अभियंता आहे. आमच्या वेळी मोजणीला थिओडोलाइट लावावं लागायचं, आता ड्रोन आहे, उपग्रहाचे नकाशे आहेत, टोटल स्टेशन आहे. मग ही पायपीट कशाला?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ड्रोनला माझा विरोध नाही. छपरं, टाक्या, गच्च्या, झाडांचे घेर त्याच्याइतके चांगले कोणालाच दिसत नाहीत. पण पावसाळ्यात मंडईचा भाग वरून बघा. निळ्या ताडपत्र्या, बस्स. सगळं शहर त्या ताडपत्रीखाली असतं.

पायपीट करणारा एक मोठा माणूस आपल्याकडे येऊन गेला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. १९१९मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापत नेणाऱ्यांवर त्यांचा राग होता. आधी वैद्यासारखी नाडी बघा, मग लागेल तिथे अगदी थोडं कापा, असं त्यांचं म्हणणं. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी १९१८मध्ये मोठा अहवाल दिला. तिथे प्लेगने लोक हैराण होते. गेडिसनी दरबाराकडून एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि जाहीर केलं की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील तिथून जाईल. लोकांनी गाड्यांनी कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीथोरली प्रतिकृतीही होती. मिरवणूक कुठून जाते याला लोकांच्या मनात किती किंमत आहे, हे नकाशा सांगणार नाही. गल्लीतून चालणाऱ्यालाच कळतं.

पहाटे पाचला एकटी पाठवू नका, एवढं मात्र मान्य. आम्ही नेहमी जोडीने पाठवायचो. आणि तुमच्याकडे लेव्हल ट्यूब असेल तर ती तिला द्या, वापरायलाही शिकवा. गवंडी ज्या पाण्याच्या नळीने पातळी काढतो तीच. गल्लीचा उतार त्या नळीने मोजलेली मुलं पावसाचं पाणी कुठे जाईल याबद्दल पुन्हा अंदाजपंचे बोलत नाहीत.

प्रश्न : कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटाचा परिसर आमच्या प्लॅनिंगच्या स्टुडिओला आहे. पाटबंधारे खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर आहे. तरी गाइड म्हणतात लोकांना विचारा. सरकारी रेषा असताना लोकांना काय विचारायचं?
(विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : रेषा खरीच आहे, ती मानायचीच. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. बांधकामाचे निर्बंध त्यावरच ठरतात. पण ती रेषा ‘कुठपर्यंत’ एवढंच सांगते. ‘कसं’ ते सांगत नाही.

कोल्हापूरकर पूर फुटांत बोलतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५च्या वर गेलं. तुमचा सगळा सर्व्हे मीटरमध्ये आहे आणि ज्यांना विचारायचं त्यांचं डोकं बंधाऱ्यावरच्या फुटांत. तेव्हा पहिलं काम भाषांतराचं. बंधाऱ्यावर ४३ असताना तुमच्या गल्लीत पाणी कुठल्या पायरीला असतं? घरोघरी भिंतीवर खूण दाखवतील, ती टेपने मोजून सेक्शनवर चढवा. मग विचारा, पाणी नदीकडून आलं की मागून, नाल्यातून? आधी कोणती वाट बुडते? म्हशी कुठे नेल्या? तिजोरी, गॅस, म्हातारी माणसं, काय आधी हलवलं आणि कुठल्या मजल्यावर? राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आल्यापासून हातात किती तास होते?

या उत्तरांतून बाहेर पडायची वाट आखता येते. निळ्या रेषेतून नाही.

प्रश्न : मी बारावीला आहे. अर्बन डिझाइन आणि टाउन प्लॅनिंग एकच का? कुठून सुरुवात करू?
(लातूर)

उत्तर : एक नाही, शेजारी आहेत. शहर कुठे वाढेल, कुठली जमीन कशासाठी, पाणी-रस्ते किती, हे प्लॅनिंग. आपल्याकडे त्याचा कायदा १९६६चा. त्या रेषांच्या मधल्या जागेत माणसाला प्रत्यक्ष काय दिसेल, तो कुठे बसेल, कुठून वळेल, हे अर्बन डिझाइन. आर्किटेक्चरला जायचं तर नाटासारखी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर अर्बन डिझाइनचं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. प्लॅनिंगची थेट पदवीही आहे. आणि सुरुवात म्हणशील तर लातूरची गंजगोलाई तुझ्या दाराशी आहे. एका गोल चौकाला चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात. एक दिवस तिथे बस आणि बघ, कुठल्या रस्त्यावर कसला माल, आणि का.

प्रश्न : मंडईच्या बाजूला आमचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे, वडिलांपासून. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पोरं-पोरी येतात. गिऱ्हाईक उभं असताना विचारतात, ‘काका, तुम्हाला इथे काय समस्या आहेत?’ सांगतो, ते लिहून घेतात, फोटो काढतात. पुढे काय होतं? वीस वर्षांत एकानेही परत येऊन सांगितलं नाही.
(दुकानदार, शुक्रवार पेठ)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पुढे काय होतं ते स्पष्टच सांगते. मुलांना मार्क मिळतात, शीट्स कॉलेजच्या माळ्यावर जातात, पुढच्या वर्षी जागेची अडचण झाली की रद्दीत. बहुतेक वेळा एवढंच होतं.

‘काय समस्या आहेत’ हा प्रश्नच चुकीचा शिकवला जातो. त्याला माणूस ‘पार्किंग’ हे एकच उत्तर देतो. ‘शटर किती वाजता उघडता, माल कुठे उतरवता, पावसात दुकानात कुठून पाणी येतं’ असं विचारलं असतं तर तुम्ही दहा मिनिटं बोलला असता.

आणि यात मीही धुतल्या तांदळाची नाही. १९८४मध्ये, मी तिसऱ्या वर्षाला असताना, आमची साइट बुरूड आळी होती. मी तिथे ओळीने कमानींचा व्हरांडा काढला, नऊ फूट उंच, खाली दुकानं, फरसबंदी, सगळं नीटनेटकं. शीट घेऊन फोटो काढायला गेले, तेव्हा सूप विणत बसलेल्या एका बाईंनी विचारलं, ‘काय काढलंस दाखव.’ दाखवलं. त्यांनी चित्रातल्या व्हरांड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘पोरी, बांबू उभे कुठे ठेवायचे?’

वीस-वीस फुटी बांबू. भिंतीला टेकून रस्त्यावर उभे असायचे, मी रोज त्यांच्यातून वाट काढत जायचे. माझ्या शीटवर त्यांना ‘अतिक्रमण’ असं लाल रंगात दाखवलं होतं. मी काहीतरी पुटपुटले आणि निघाले. शीटला चांगले मार्क पडले. बाईंना मी परत भेटले नाही.

शिकवायला लागल्यावर मी एक नियम केला होता. फायनल ज्युरीच्या आधी प्रत्येक गटाने आपली शीट ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी निदान तिघांना दाखवायची आणि त्यांनी जे खोडलं ते लाल पेनने तसंच ठेवून ज्युरीला यायचं. दोन-तीन वर्षं चालला. मग मुलं घरीच लाल पेनने खोटं खोडायला लागली, तेव्हा मी बंद केला. करायला नको होता.

तेव्हा तुमच्यासाठी सुचवते. पुढच्या जुलैत मुलं आली की सांगा, आधी तुमचा नकाशा काढा. त्यात तुमचं दुकान शोधायला लावा. बहुधा एखादं घर इकडे-तिकडे असेलच. तुमच्याकडचं पेन घ्या आणि तिथल्या तिथे दुरुस्त करा, मग पुढचं बोला. आणि त्यांच्या गाइडचा फोन नंबर लिहून घ्या. ज्युरी उघड्यावर, मंडईतच घ्या म्हणून सांगा. जागेची सोय तुम्ही करू शकाल, खुर्च्या तर तुमच्या मंडळाकडे असतीलच.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना नकाशा जोडत असाल तर उत्तर दिशा दाखवा. यावेळी आलेल्या अकरा नकाशांपैकी सातांवर नव्हती, त्यातला एक एका प्राध्यापकांचा होता.